चेक बँकेने परत केला, पत गेली माझी!

‘पैसे नव्हते तर आधीच सांगायचंस ना रे!’ असं म्हणत घरमालकीण काकूंनी परत आलेला चेक माझ्यापुढे ठेवला. सोबत बँकेचा मेमो. कारण : अपुरी शिल्लक. पुण्यातल्या वन बीएचकेचं डिपॉझिट होतं, 60 हजार. मी मोबाइलवर बॅलन्स दाखवला, चांगला लाखाच्या वर. काकूंचा चेहरा काही बदलला नाही. दोन दिवसांत फ्लॅट दुसऱ्याला गेला.

तडक बँक गाठली. दुसऱ्याच कुणाच्या खात्यावरचा होल्ड चुकून माझ्या खात्याला लागला होता म्हणे. ‘सिस्टिम एरर आहे सर. चार्जेस रिव्हर्स करतो, चेक पुन्हा टाकायला सांगा.’ झालं, विषय संपला! आणि काकूंच्या नजरेत मी फ्रॉड ठरलो, त्याचं काय?

मी गप्पच बसणार होतो. पण ऑफिसच्या लीगल टीममधल्या मैत्रिणीने झापलं. चेक बाऊन्स म्हटलं की आपल्याला फक्त कलम 138 आठवतं. ते खात्यात पैसे न ठेवणाऱ्यासाठी. त्याच 1881च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये कलम 31सुद्धा आहे. खात्यात पुरेसे पैसे असताना आणि ते देण्यात कायदेशीर अडचण नसताना बँकेने चेक नाकारला, तर झालेलं नुकसान बँकेने भरून द्यायचं. आणि हा हक्क चेक लिहिणाऱ्याचा, म्हणजे आपला! चेक घेणाऱ्याला या कलमाखाली बँकेकडे काही मागता येत नाही.

मग लागलो कामाला. मेमो, त्या दिवसाचं स्टेटमेंट, ब्रोकरला दिलेल्या पैशांची पावती, सगळं जोडून लेखी तक्रार केली आणि तक्रार नंबर घेतला. 30 दिवसांत उत्तर नाही, किंवा मिळालेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. फी नाही, वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा असतो, दोन वर्षांच्या आत. फक्त एकाच वेळी दोन्हीकडे नाही.

माझं तिथवर गेलंच नाही. 22व्या दिवशी ब्रोकरेजचे पैसे आणि लेटरहेडवर पत्र आलं : चूक बँकेची, ग्राहकाची नाही.

फ्लॅट गेला तो गेलाच. तरी पत्र घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, ‘बस, चहा टाकते.’