बंद कपाटातला जांभळा उजेड

गेल्या रविवारपासून जो भेटेल त्याला मी हे सांगत सुटलेय. एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनाही सांगून झालं. आता लिहूनच काढते.

किन्हवलीला मामांकडे नवीन होम थिएटर आलं. घर रस्त्याला लागून, त्यामुळे दिवसभर गाड्यांची धूळ, पावसाळ्यात ओल, शिवाय उंदीर आणि पाली. म्हणून मामीने सुताराला बजावून टीव्हीखालचं युनिट बंद दारांचं करून घेतलं. काच नाही, जाळी नाही. चांगला प्लाय आणि वर सनमायका. आत फ्री डिशचा बॉक्स, होम थिएटरचा अ‍ॅम्प आणि जुना डीव्हीडी प्लेयर. दिसायला एकदम झकास! पण दार लावलं की रिमोट मुका. चॅनल बदलायचा, उघडा दार. आवाज कमी करायचा, उघडा दार. आठवडाभरात दारं कायमची उघडी राहिली, आत धूळ बसायला लागली आणि मामीची धुसफूस सुरू झाली. त्यात रिमोट चार, चारही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबर लावलेले. आजी तर टीव्ही लावायला नातवाची वाट बघत बसायची.

रविवारी शहापूरचा वायरमन दादा आला. शनिवारी आसनगावहून लोकल पकडून तो ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडवर जाऊन आला होता. त्याने पिशवीतून एक पुडी काढली. आत चिंचोक्याएवढे काळे मणी, प्रत्येकाला बारीक वायर आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला हेडफोनला असते तशी पिन.

"हे काय?" मी विचारलं.

"एमिटर. रिमोटचं तोंड समज. फक्त वायरीच्या टोकाला लावलेलं."

मला काही उमगेना. मग त्याने टीव्हीचा रिमोट माझ्या मोबाइलसमोर धरून बटण दाबलं. स्क्रीनवर काही नाही. "सेल्फीचा कॅमेरा लाव, मागच्याला बहुतेक फिल्टर असतो." लावला. आणि रिमोटच्या टोकाला जांभळट पांढरा दिवा लुकलुकला! डोळ्यांनी बघावं तर काळोख, मोबाइलमध्ये बघावं तर दिवाळी. मी पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले. इतकी वर्षं हातात धरलेली वस्तू, आणि ती उजेड फेकते हे मला माहीतच नव्हतं!

रिमोट म्हणजे उजेडच. आपल्या डोळ्यांची मजल साधारण ७०० नॅनोमीटरला संपते आणि रिमोटचा दिवा बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो. १८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून उन्हाचे रंग पाडले, तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला, तर पारा तिथेच जास्त चढला. तोच हा अवरक्त प्रकाश. उजेड आहे म्हणून प्लायमधून जात नाही, आणि उजेड आहे म्हणूनच त्याला वाट काढून देता येते.

पण मग ऊनही तेच फेकतं, मामीच्या चुलीतला निखाराही तेच फेकतो. बॉक्सला कळतं कसं की हा मामांचा हुकूम? इथे तर मी वेडीच झाले. रिमोटचा दिवा सेकंदाला साधारण ३८,००० वेळा उघडझाप करतो आणि बॉक्सचा डोळा नेमकी तेवढीच उघडझाप टिपतो, बाकी उजेड सोडून देतो. बऱ्याच रिमोटमध्ये वापरतात त्या एनईसी पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाक, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, मग ३२ ठोके. प्रत्येक ठोक्यानंतरचं थांबणं आखूड असेल तर शून्य, लांब असेल तर एक. आधी पत्ता, मग तोच पत्ता उलटा करून. मग हुकूम, मग तोच हुकूम उलटा करून. दोन्ही जुळले तरच बॉक्स ऐकतो. आवाजाचं एक बटण दाबलं की एवढी सगळी चिठ्ठी जाते, पत्त्यासकट, पडताळणीसकट!

दादाने टीव्हीच्या कडेला एक रिसीव्हर चिकटवला, वायर केसिंग पट्टीतून मागे नेली, युनिटमध्ये एका डबीला जोडली आणि डबीतून तीन एमिटर काढले. बाहेरचा डोळा रिमोटचा उजेड पकडणार, वायर तो ठोका आत नेणार, एमिटर तोच ठोका पुन्हा उजेड करून बॉक्सच्या डोळ्यात सोडणार. गंमत पुढेच आहे. बॉक्सचा डोळा काळ्या प्लास्टिकमागे लपलेला असतो. दादाने टॉर्च तिरका धरला, आत एक छोटा गोल घुमट चमकला, आणि चिंचोका बरोब्बर त्याच्यावर डबल टेपने बसवला. पहिल्यांदा बोटभर बाजूला बसला, तर काहीच हललं नाही. सरकवला, आणि अ‍ॅम्प "टक" करून जागा झाला. बंद दाराआड! मामांनी टाळी वाजवली.

दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन रिसीव्हरवर आलं आणि सगळं अडखळायला लागलं, तेव्हा दादाने तो टीव्हीच्या सावलीत घेतला. मला नंतर कळलं, १९५५ साली युजिन पॉली यांनी झेनिथ कंपनीसाठी केलेला फ्लॅशमॅटिक हा बिनवायरचा रिमोट टॉर्चसारख्या, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडावर चालायचा, आणि त्या टीव्हीवर ऊन पडलं की चॅनल आपोआप बदलायचे. किन्हवलीच्या खिडकीत तीच अडचण, सत्तर वर्षांनी!

मग चारही रिमोटच्या जागी एकच युनिव्हर्सल रिमोट. त्याच्या यादीत टीव्हीचा कोड होता, फ्री डिशच्या बॉक्सचा नव्हता. "मग शिकवायचं," दादा म्हणाला. दोन रिमोट तोंडाला तोंड लावून सतरंजीवर ठेवले, जुन्याचं बटण दाबलं, नव्याचा लाल दिवा दोनदा लुकलुकला. शिकला! एकेक बटण करत अर्धा तास गेला, मी जागची हलले नाही. शेवटी एका बटणावर मालिकाच बांधली: टीव्ही चालू, अ‍ॅम्प चालू, अ‍ॅम्पचा इनपुट टीव्हीवर.

इथे आमच्या भागाचा हिशेब वेगळा. लाइट जाऊन आली की फ्री डिशचा बॉक्स स्वतःच चालू होतो, अ‍ॅम्प मात्र झोपूनच राहतो. चालू-बंदचं बटण बहुतेक एकच असतं, त्यामुळे बॉक्सचं बटण मालिकेत घातलं तर चालू असलेला बॉक्स बंद व्हायचा. दादाने ते बाहेरच ठेवलं, बॉक्स कायम चालू. मला हे फार पटलं. पुस्तकातल्या जोडणीपेक्षा घरातली लाइट कशी वागते ते ज्याला कळतं, तोच खरा कारागीर.

आजीच्या बटणावर लाल टिकली चिकटवली. आजीने दाबली. टीव्ही लागला, आवाज पाचही स्पीकरमधून आला, आणि आजीने कुणालाच हाक मारली नाही.

मी निघण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून, सेल्फीचा कॅमेरा बॉक्सकडे करून तो युनिटमध्ये उभा केला, दारं लावली आणि खाटेवरून बटणं दाबली. परतताना सरळगावपर्यंत तो व्हिडिओच बघत होते. बॉक्सच्या हिरव्या ठिपक्याशिवाय सगळा अंधार. मग एका कोपऱ्यात जांभळा चिंचोका पेटतो, विझतो, पेटतो, आणि दाराबाहेरून मामीचा आवाज येतो, "अगं, माझी मालिका लाव आधी!"