सासूबाईंची कॅसेट आणि आमचा सीडी रायटर



परवा माळा आवरताना जुन्या कॉम्प्युटरची पेटी सापडली. तिच्यात चार स्क्रू, एक चपटी राखाडी केबल आणि भुवया कोरायचा माझा हरवलेला चिमटा होता. चिमटा तिथे कसा गेला ते आठवलं आणि हसू आलं. मग थोडं रडूही आलं. ती गोष्ट आज सांगते.

गोष्ट 2004 सालची. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या आवाजातलं भक्तामर स्तोत्र एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर होतं. 1993 च्या दशलक्षण पर्वात ह्यांनी ते घरीच टेप केलं होतं. पहिल्या बाजूला अठ्ठेचाळीस श्लोक, दुसऱ्या बाजूला आरत्या. आईंचा आवाज एवढाच उरला होता, आणि कॅसेटही एकच.

ती कॅसेट वन्संना हवी होती. लेकीला आजीचा आवाज ऐकवायचा, असं त्या म्हणाल्या. मी "देते, देते" म्हणत वर्षभर टाळलं. खरं सांगू? मला ती सोडवत नव्हती. अपरिग्रहाची व्रतं आपण रोज वाचतो, पण एका प्लॅस्टिकच्या डबीत माझा जीव अडकला होता. त्यात एके दिवशी टेपरेकॉर्डरने फीत आत ओढली. पेन्सिलीने गुंडाळून ती परत आणली तेव्हा माझे हात थरथरत होते. त्याच दिवशी ठरवलं, ह्याची सीडी करायची.

दुकानात देऊन करून घेता आली असती. पण एकुलती एक कॅसेट परक्याच्या हातात द्यायला मन धजेना. घरात कॉम्प्युटर होता, पण त्याचा ड्राइव्ह सीडी फक्त वाचायचा, लिहायचा नाही. हे म्हणाले, "एका कॅसेटसाठी एवढा खर्च?" मी भिशीचे पैसे काढले.

रायटर घ्यायला गेले तर डब्यावर आकडे: 52, 32, 52. दुकानातल्या मुलाने समजावलं. पहिला आकडा कोऱ्या सीडीवर लिहायच्या वेगाचा, दुसरा पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीचा, तिसरा वाचण्याचा. एकपट वेग म्हणजे गाणं ऐकायला लागतो तेवढाच वेळ. यूएसबीने बाहेरून जोडायचा रायटर महाग होता. डीव्हीडी वाचणारा कॉम्बोही होता, पण डीव्हीडीचं मला काही काम नव्हतं. आत बसवायचा साधा रायटर घेतला. लिहिताना कॉम्प्युटर क्षणभर अडखळला तरी सीडी वाया जाऊ नये, अशी सोय त्यात आहे ना, एवढं मात्र विचारून घेतलं.

बसवून द्यायला माणूस येणार होता. दोन रविवार गेले, तो आला नाही. तिसऱ्या रविवारी मीच स्क्रू ड्रायव्हर घेतला. लेक बॅटरी धरून उभी.

आधी प्लग काढला. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. पुढचं प्लॅस्टिकचं झाकण काढून रायटर खणात सरकवला, दोन्ही बाजूंनी स्क्रू लावले. जुन्या ड्राइव्हला गेलेल्या चपट्या केबलवर मधे आणखी एक जोड रिकामा होता, तो नव्याला लावला. केबलची लाल कड विजेच्या पिनांच्या बाजूला ठेवायची. मग चार तारांचा पांढरा विजेचा जोड.

कॉम्प्युटर चालू केला, तर नवा रायटर नाहीच, जुना ड्राइव्हही गायब! लेक म्हणाली, "आई, बिघडवलंस." माझ्या पोटात गोळा आला. हे पेपरातून मानही वर करेनात.

डब्यातला कागद दोनदा वाचला तेव्हा उलगडलं. एका केबलवर दोन ड्राइव्ह असले तर एक मास्टर आणि दुसरा स्लेव्ह ठरवावा लागतो. मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी टोपी असते, ती कोणत्या पिनांवर आहे त्यावरून ते ठरतं. आमचे दोघेही मास्टर होऊन बसले होते! एका स्वयंपाकघरात दोन मालकिणी झाल्या की जे होतं, तेच झालं. बोटांनी टोपी निघेना, म्हणून भुवयांचा चिमटा आणला. टोपी स्लेव्हच्या जागी बसवली. पुन्हा चालू केलं, तर दोन्ही ड्राइव्ह दिसले.

मग टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात वायर लावली. गुलाबी भोक माइकचं, तिथे लावलं तर आवाज फाटतो. विंडोजमधला रेकॉर्डर एका मिनिटात थांबायचा, म्हणून भाच्याने ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाकून दिला. तासाभराची कॅसेट उतरवायला पूर्ण तास बसावं लागतं. मिनिटाला साधारण दहा एमबी, म्हणजे सहाशे एमबी झाली, सातशेच्या सीडीत मावली.

त्या तासात मी पहिल्यांदाच कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. एरवी आरत्या संपल्या की बंद करायचो. आरतीनंतर भांड्यांचा आवाज आला, आणि मग आई म्हणाल्या, "अगं, दूध बघ, उतू जाईल." त्यावर एक आवाज आला, तुटक, चिडका: "बघते हो, दिसतंय मला!"

तो आवाज माझा होता.

अकरा वर्षांनी मी स्वतःला असं बोलताना ऐकलं. पर्वाचे दिवस, उत्तम क्षमेचे पाठ चाललेले, आणि माझा स्वर तो. आईंचं पुढे काहीच उत्तर नाही. खट्ट करून टेप बंद.

प्रोग्रॅममध्ये तेवढा तुकडा निवडून पुसणं अगदी सोपं होतं. मी पुसला. आरतीपाशी थांबणारी छान स्वच्छ फाइल तयार झाली. वन्संना काही कळलं नसतं. रात्री झोप लागली नाही. पहाटे उठून सामायिकाला बसले, तरी कानात तेच. दर संवत्सरीला, क्षमावणीला आपण सगळ्यांना हात जोडतो. आईंनाही दरवर्षी जोडले होते. पण कशाबद्दल, हे कधी म्हटलं नव्हतं. मूळ फाइल अजून होती. तीच सीडीवर घातली. घाई नको म्हणून सोळापट वेगानेच. तीन प्रती केल्या.

एक प्रत आणि ती कॅसेट घेऊन वन्संकडे गेले. शेवटी काय आहे ते आधीच सांगून टाकलं. आम्ही दोघींनी मिळून ऐकलं. तो तुकडा आला तेव्हा वन्सं डोळे पुसत हसल्या. म्हणाल्या, "आई मला सांगायची, सून फटकळ आहे, पण दूध कधी उतू जाऊ देत नाही."

एवढंच. कॅसेट आता त्यांच्याकडे आहे.

तुमच्याकडेही अशी एखादी कॅसेट असेल तर ह्या पर्वाआधी उतरवून घ्या. आता नव्या कॉम्प्युटरला सीडीचा खण नसतो, आणि सीडीही कायमची टिकत नाही. मी परवाच पेनड्राइव्हवर प्रत केली. आणि हो, शेवटपर्यंत ऐका.