नकाशातली रेषा, यादीतलं नाव

आमच्या घरी पडवीतल्या भिंतीवर एक नकाशा होता. सोलापूरला मास्तरकी करत असताना मीच आणलेला. आळंद तालुका, त्याच्या पश्चिमेला अक्कलकोट, वायव्येला उमरगा, वर बसवकल्याण, खाली अफझलपूर. राज्यांची सीमा मी लाल पेन्सिलीने गिरवली होती. घरी कुणी आलं की त्याला त्या नकाशापुढे उभं करायचं आणि समजावून सांगायचं, ही माझी सवय गावाला पाठ होती.

माझं म्हणणं साधं होतं. आपल्या भागाचं जे काही वाकडं झालं, ते रेषा ओढणाऱ्यांमुळे झालं. आमचं गाव कडगंची कलबुर्गी जिल्ह्यात, पण आमचा खासदार बिदरचा. बिदर लोकसभेचे आठ विधानसभा मतदारसंघ आहेत. त्यातले सहा बिदर जिल्ह्यातले, आणि चिंचोळी व आळंद हे दोन आमच्या जिल्ह्यातून नेऊन जोडलेले. कलेक्टर कचेरी, कोर्ट, मोठा दवाखाना सगळं कलबुर्गीला, घरून तासाभराच्या वाटेवर. बिदर शंभर किलोमीटरच्या पलीकडे. पाण्याचाही दाखला मी द्यायचो. आमची अमरजा दक्षिणेकडे जाते, गाणगापूरला भीमेला मिळते आणि पुढे कृष्णेची होते. बिदरची कारंजा आणि मांजरा गोदावरीच्या. ज्या गावांचं पाणी एका खोऱ्यात जात नाही, त्यांची मतं एका पेटीत कशी टाकता, असं मी सभेत विचारायचो आणि टाळ्या पडायच्या. त्या मुद्द्यात तथ्य आहे असं मला आजही वाटतं.

त्याहून मोठी रेषा राज्याची. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य गेलं, आठ वर्षं हैदराबाद राज्य राहिलं आणि 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. महाजन आयोगाने 1967 मध्ये तर शेजारचं अक्कलकोटही म्हैसूरला द्यायची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही, प्रश्न तसाच राहिला. मी मराठी घरातला. आमची बाजू मांडताना मी हटकून गुरुचरित्र काढायचो. ज्या पोथीची पारायणं महाराष्ट्रातल्या घराघरांत होतात तिचे कर्ते सरस्वती गंगाधर, त्यांचे पूर्वज सायंदेव, आणि परंपरेने हे घराणं आमच्या कडगंचीचं. मग गाव मराठीच की. त्याच पोथीच्या सुरुवातीला कर्त्याने, मराठी आपली भाषा नव्हे, असं मोकळेपणी सांगितलंय. तेवढा भाग मी भाषणात गाळायचो. हे आज लिहिताना मला लाज वाटते.

आमदारकीच्या निवडणुकीकडे मात्र मी कधी मन लावून पाहिलं नाही. आळंदचा मतदारसंघ, क्रमांक 46, मला दोन माणसांचा आखाडा वाटायचा. आणि आकडे पाहिले तर तो तसा आहेही. 1994 ते 2023 सात निवडणुका झाल्या. चार वेळा सुभाष गुत्तेदार आले, तीन वेळा बी. आर. पाटील. पाटील त्याआधी 1983 मध्येही जनता पक्षाकडून निवडून आले होते, राज्यात पहिलं बिगरकाँग्रेसी सरकार आलं त्या साली. पक्ष बदलत गेले. 2013 ला पाटील येडियुरप्पांच्या कर्नाटक जनता पक्षाचे होते, 2023 ला काँग्रेसचे. गुत्तेदार 2008 ला जनता दलाचे, 2018 ला भाजपचे. चिन्हं बदलतात, माणसं तीच, यात लक्ष काय घालायचं, असं मी म्हणायचो. 12 मे 2018 ला मतदान होतं. मी सोलापुरातच राहिलो. ऊन मी म्हणत होतं आणि मला प्रवासाचा कंटाळा आला, एवढंच कारण. तीन दिवसांनी निकाल लागला. गुत्तेदार 76,815, पाटील 76,118. फरक 697. आमच्या गल्लीतली आणि मागच्या दोन गल्ल्यांतली घरं मिळून जेवढी माणसं होतील, तेवढा. तरीही मी बदललो नाही. योगायोग म्हणालो आणि नकाशाकडे वळलो.

निवृत्तीनंतर गावी आलो. 2022 च्या हिवाळ्यात सीमाप्रश्न पुन्हा पेटला होता. 27 डिसेंबरला महाराष्ट्र विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात सीमाभागातली 865 गावं महाराष्ट्रात घेण्याचा ठराव झाला. मी दिवसभर टीव्हीपुढे. त्याच आठवड्यात गल्लीतला एक पोरगा दारात आला. कॉलेजात शिकणारा, माझ्या चुलतभावाचा नातू. म्हणाला, "आजोबा, मतदार यादी कन्नडात आहे, आमच्या घरच्यांची नावं नीट लागलीत का, जरा बसून बघू या का?" मला कन्नड वाचता येतं, हे त्याला ठाऊक होतं. मी त्याला परत पाठवला. ते कारकुनाचं काम आहे, इकडे काय चाललंय ते बघ, असं म्हणून टीव्हीकडे बोट दाखवलं.

त्याच डिसेंबरात आळंदच्या निवडणूक अधिकाऱ्याकडे मतदारांची नावं वगळण्याचे अर्ज येऊन पडत होते. फॉर्म 7. एकूण 6,018. मतदारसंघातला कुणीही मतदार दुसऱ्याचं नाव वगळा म्हणून हा अर्ज देऊ शकतो: माणूस वारला, गाव सोडून गेला, नाव दोनदा आलं, अशा कारणांनी. हे अर्ज ऑनलाइन आले होते. एका बीएलओ बाईंना, म्हणजे आपल्या केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या बाईंना, दिसलं की वगळायच्या नावांत आपल्याच काकांचं नाव आहे. काका धडधाकट, गावातच. अर्ज शेजाऱ्याच्या नावाने. त्या शेजाऱ्याला विचारलं तर त्याने असा अर्ज केलेलाच नव्हता. मग एकेक अर्ज घेऊन तपासणी झाली. सहा हजार अठरापैकी खरे निघाले चोवीस. बाकीचे 5,994 फेटाळले गेले, 21 फेब्रुवारी 2023 ला पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये हे प्रकरण देशभर गाजलं आणि राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. कुणी केलं, का केलं, ते तपास करणाऱ्यांनी आणि कोर्टाने ठरवायचं. मला माझ्यापुरतं बोलायचंय.

2018 चा फरक 697 होता. खोटे अर्ज 5,994. हे दोन आकडे मी वहीच्या एका पानावर शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. मे 2023 ला पाटील 10,348 मतांनी आले, तेव्हा फरक मोठा होता, असं कुणी म्हणेल. पण डिसेंबरात तो फरक कुणाला माहीत होता? लाल पेन्सिलीची रेषा हलली असती तर मी गाव गोळा केलं असतं. इथे जिवंत माणसं कागदावरून पुसली जात होती, मराठी-कन्नड काही न बघता, आणि त्याच दिवसांत मी एका पोराला दारातून परत पाठवत होतो. ज्यांनी हे थांबवलं त्यांच्याकडे नकाशा नव्हता. यादी होती, आणि आपल्या काकांचं नाव वाचण्याची सवय होती.

आता यादी आली की मी वाचतो. पहिल्यांदा बसलो तेव्हा अंगणवाडीच्या ओट्यावर बीएलओ ताई, तो पोरगा आणि मी. पानावर रकाने, प्रत्येकात मतदाराचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, घर नंबर, वय, पुरुष की स्त्री. वगळलेल्या नावावर तिरका शिक्का. मराठी आडनावं कन्नड लिपीत थोडी वाकतात. आमचा 'चमच्यातला च' तिथे नाहीच, सगळे 'चहातले च' होतात. मोठ्याने वाचलं की माणूस ओळखू येतो. मी वाचायचो, पोरगा सांगायचा, "आहे, पुण्याला कामाला असतो, पण सणाला येतो." किंवा, "ही लग्न होऊन अफझलपूरला गेली." दोन तासांत एक गल्ली झाली. तुरीच्या राशी चालू होत्या, मधेच कुणी ओट्याशी थांबून आपलं नाव विचारून जायचं. वीस वर्षं त्यांना मी नकाशा दाखवत होतो. नाव विचारायला कुणी माझ्याकडे कधी आलं नव्हतं.

एका रकान्याशी ताई थांबल्या. म्हणाल्या, "अण्णा, हे तुमच्या घरातलं."

आईचं नाव होतं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. वय तेवढं पुढे सरकत गेलेलं, यादीत ती अजून आमच्या घरी राहत होती. मी काही बोललो नाही. ताईंनीही घाई केली नाही. मग त्यांनी पिशवीतून फॉर्म 7 काढला.

घरी जाऊन मृत्यूचा दाखला आणला, त्याची प्रत जोडली. कारणाच्या जागी 'मृत्यू' वर खूण केली. अर्जदाराच्या जागी माझं पूर्ण नाव, आणि मोबाईल नंबर लिहिला तो माझाच. ताईंनी लगेच तो फिरवला. खिशात फोन वाजला, तेव्हा त्यांनी अर्ज घेतला.