टाकलं की कुठं जातं?

आमच्या बाल्कनीतल्या खताच्या डब्यात चहाचा चोथा चार-पाच दिवसांत ओळखू येईनासा होतो. केळ्याच्या सालीला उन्हाळ्यात तीन आठवडे पुरतात. कांद्याची टरफलं त्याहून हट्टी, आणि आंब्याची कोय पुढच्या आंब्याच्या हंगामापर्यंत तशीच हाताला लागते. हे मला सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन कळलं. माझ्या नातवाला सहाव्या वर्षीच ठाऊक होतं, कारण डबा ढवळायचं काम त्याचं आहे.

गेली अठ्ठावीस वर्षं मी पुण्यात ओल्या कचऱ्यावर काम करते आहे. सोसायट्यांना खताचे हौद बांधून देणं, ते बिघडले की दुरुस्त करणं, माळीकाकांना आणि सफाई करणाऱ्या ताईंना ते शिकवणं हा माझा व्यवसाय. काम संपलं की हमखास कुणीतरी आई किंवा वडील थांबवून विचारतात, ‘‘मुलांना पर्यावरणाची जाणीव कशी करून द्यायची?’’ पुस्तकांची, शिबिरांची नावं मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असते. मी एवढंच सांगते, की घरातून बाहेर गेलेली वस्तू पुढे कुठं जाते ते मुलाला नेऊन दाखवा, आणि त्या वाटेवरचं एक काम त्याच्याकडे सोपवा. काम खरं हवं. त्यानं ते केलं नाही तर घराचं अडलं पाहिजे.

हे मी एका प्रदर्शनानंतर बोलू लागले. एका शाळेनं मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विषय होता पृथ्वी वाचवण्याचा, आणि बहुतेक प्रतिकृती थर्माकोलच्या, त्यावर चमकी लावलेली. एका हुशार मुलीनं ओझोनचा थर, हरितगृह वायू असं सगळं न अडखळता सांगितलं. मी विचारलं, ‘‘उद्या या प्रतिकृतीचं काय करणार?’’ ती म्हणाली, ‘‘ते मावशी उचलतात.’’ त्या मुलीचा काहीच दोष नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं, तो पुस्तकांत आलाही. पण मावशी उचलतात ते कुठं नेतात, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझी आजी सोलापूर जिल्ह्यातल्या भीमाकाठच्या गावातली. परसात उकिरडा होता. शेण, चुलीची राख, भाजीची देठं, जेवणावळीच्या पत्रावळी, तुटलेली सुंभाची दोरी, सगळं त्यात पडायचं आणि वैशाखात बैलगाडीनं शेतात जायचं. जुन्या माणसांना निसर्ग कळत होता, असं म्हणायची आता पद्धत आहे. मला ते पटत नाही. आजी मागे वळून न पाहता टाकायची. टाकलेलं सगळं कुजणारं होतं, म्हणून ते निभलं. तिची टाकायची सवय जशीच्या तशी माझ्यापर्यंत आली, हातातल्या वस्तू मात्र बदलल्या. म्हणून पूर्वीच्या सवयी परत आणा, एवढं सांगून भागणार नाही. आजीच्या उकिरड्याला लागली नव्हती ती एक गोष्ट आपल्या मुलांना लागणार आहे, ती म्हणजे टाकण्याआधी विचारलेला प्रश्न.

आता डब्याकडे येते. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. नातवाला मी आधी एक आठवडा ओल्या कचऱ्याचं फक्त वजन करायला लावलं. चार माणसांच्या घरात साडेपाच किलो भरला. मग बाजूला भोकं पाडलेला डबा, तळाला नारळाच्या शेंड्या, सुरुवातीला आधीच्या खताच्या दोन मुठी आणि शेजारी वाळल्या पानांचं पोतं. कचरा खाऊन त्याचं खत करणाऱ्या जिवाणूंना कर्ब साधारण तीस भाग आणि नत्र एक भाग असं जेवण मानवतं. भाजीपाल्यात नत्र जास्त, वाळल्या पानांत कर्ब जास्त. हे मी त्याला आमटी-भातासारखं सांगितलं. नुसती आमटी दिली की त्यांचं पोट बिघडतं आणि डब्याला वास सुटतो. मूठभर ओलं, मूठभर वाळलं, आणि दोन दिवसांनी ढवळायचं म्हणजे हवा मिळते. हवा कमी पडली की दुसऱ्या जातीचे जिवाणू वाढतात, वास त्यांचा. ओलावा बघायला मूठ दाबायची. हात ओलसर व्हावा, पण पाणी गळू नये.

तिसऱ्या महिन्यात डब्यात अळ्या झाल्या. माझी लेक डबा खाली ठेवून यायला निघाली. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या होत्या. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंगावत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्यानं फस्त करतात. नातू त्यांच्याकडे तासभर बघत बसला. त्याला किळस वाटली नाही, कारण आम्ही अजून ती शिकवली नव्हती. लहान मुलांना किळस आपल्याकडून मिळते, आणि एकदा मिळाली की मातीत हात घालणं संपतं.

त्यानंतर एकदा तो मामाकडे रमला आणि परत आल्यावरही पाच दिवस डब्याकडे फिरकला नाही. घरभर वास. लेक म्हणाली, ‘‘आई, मी करून टाकू का?’’ मी नको म्हटलं. ते कठीण गेलं, पाहुणे यायचे होते. शेवटी त्यानंच नाक धरून तीन ओंजळी पाला घातला, खालून वर ढवळलं. दोन दिवसांत वास गेला. आपण बिघडवलेलं आपल्या हातानं सुधारता येतं, हे सहा वर्षांच्या मुलाला माझ्या कुठल्याही भाषणातून कळलं नसतं.

इथं आयांच्या बाजूनं एक गोष्ट बोललीच पाहिजे. मी पाहिलेल्या बहुतेक ‘पर्यावरणपूरक’ घरांत आईचं काम वाढलेलं असतं. कापडी पिशव्या धुणं, वेगवेगळे डबे घासणं, खत बघणं, सगळं तिच्याकडे, आणि मुलगा पाहुण्यांना अभिमानानं डबे दाखवतो. असा मुलगा हेच शिकतो, की पृथ्वीची काळजी कुणीतरी बाई घेते. म्हणून मुलग्यांच्या हाती हे काम आधी द्या, आणि बाबांनाही ते करताना त्यांना दिसू दे. लुईस चावला या अभ्यासकांनी केंटकी आणि नॉर्वेतल्या पर्यावरण कार्यकर्त्यांना या वाटेवर कसे आलात असं विचारलं होतं. सर्वांत जास्त वेळा दोन उत्तरं आली. एक, लहानपणी निसर्गात घालवलेला वेळ. दुसरं, घरातलं माणूस.

सुक्या कचऱ्याची वाट दाखवायला मी त्याला एका सकाळी आमच्याकडे येणाऱ्या कचरावेचक ताईंबरोबर दोन मजले फिरवलं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था झाली. दारोदार जाऊन कचरा घेणाऱ्या या बायका तो हातानं निवडतात. ताईंनी त्याला तळहात दाखवला. कुणीतरी फुटलेली काच कागदात न गुंडाळता टाकली होती, तिची खूण. त्या दिवसापासून आमच्या घरात काच गुंडाळून वर ‘काच’ लिहिण्याचं काम त्याचं. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून वेगळा करायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलं. तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही.

त्यापुढची वाट देवाची उरुळीची. माउलींची पालखी दिवे घाटाकडे जाते त्या रस्त्यावरचं हे गाव. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथं आणि शेजारच्या फुरसुंगीत पडला, विहिरी खराब झाल्या, गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या. नातवाला मी तिथं अजून नेलेलं नाही. तो दहा वर्षांचा झाला की नेईन. डेव्हिड सोबेल या शिक्षणतज्ज्ञांनी म्हटलं आहे, की लहान मुलांवर जगाच्या संकटांचा भार टाकला तर ती निसर्गाकडे ओढली जाण्याऐवजी त्याच्यापासून दूर पळतात. माझाही अनुभव तोच. वितळत्या बर्फाच्या चित्रफिती बघून रडणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या हातात करण्यासारखं काहीच दिलेलं नव्हतं.

पाणी मात्र मी नकाशावर दाखवलं. खडकवासल्याहून आपल्या नळाला आणि नळातून मोरीत. पुढे गटारानं मुठेकडे, आणि शहराचं सगळंच सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जात नाही, हे मी लपवलं नाही. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनीत. तिथून सोलापूरला प्यायला पाणी जातं. उजनीच्या खाली पंढरपूर, तिथं तिलाच चंद्रभागा म्हणतात. त्याचं बोट भीमेवर थांबलं.

‘‘तुझ्या आजीचं गाव इथंच ना? मग ते लोक काय पितात?’’

मी म्हटलं, ‘‘आपल्याकडून आलेलं.’’

तो बराच वेळ गप्प होता. या दिवाळीत चकल्यांची कढई घासायला टाकायच्या आधी त्यानं जुन्या वर्तमानपत्रानं पुसून काढली. मी सांगितलं नव्हतं.

आता खाली अंगणात किल्ला उभा आहे. विटा चौकीदार काकांकडून मागून आणलेल्या, गोणपाट माळ्यावरचं, मावळे शाडूचे, न भाजलेले. दिवाळीनंतर ते भिजवून पुढच्या वर्षी नवे करायचे आहेत. विटा परत, गोणपाट धुऊन माळ्यावर, माती कुंड्यांत, हे त्यानं पहिली वीट रचायच्या आधीच ठरवलं. बुरुजाखालच्या उतारावर मातीत डब्यातलं खत मिसळून त्यानं अळीव पेरलं. खतात अर्धवट कुजलेली एक कोय निघाली. ती त्यानं पुसून पुन्हा डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. अळिवाला आज सकाळी कोंब आले आहेत.