जीपचे रबर आणि माझी चालढकल



रोग पसरायच्या आत ओळखा, उद्यावर ढकलू नका, असे मी गेली तीस वर्षे तुमच्या बांधावर येऊन सांगत आलो. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालो आणि विस्ताराच्या नोकरीत शहागडच्या आसपासची गावे पायाखाली घातली. पण माझ्याच दारातल्या जीपचे दुखणे मी दोन वर्षे उद्यावर ढकलले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

जीप जुनी आहे, डिझेलची. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली. गोदाकाठची काळी जमीन पावसाने भिजली की मोटारसायकल जागीच रुतते. तिथे ही गाडी चारही चाकांच्या जोरावर निघते, म्हणून मी ती सांभाळली.

इंजिन चेसिसवर नुसते बोल्टाने आवळलेले नसते. मध्ये रबराच्या गाद्या असतात. मिस्त्री त्यांना फाउंडेशन म्हणतात. इंजिनाचा हादरा त्या पोटात घेतात. तेल गळून, उन्हाने आणि वयाने रबर फुगते, चिरते, लोखंडी पट्टीपासून सुटते. मग गाडी उभी असतानाही गिअरचा दांडा थरथरतो, क्लच सोडताना धक्का बसतो, चालू-बंद करताना 'ठक्' असा आवाज येतो. माझ्या जीपला हे सारे होत होते.

शहागडच्या मिस्त्रीचाचांनी बॉनेट उघडून सांगितले होते, "साहेब, रबर गेलंय. इंजिन एक दिवस पळून जाईल." मी म्हणालो, "सध्या टायरचा तुकडा घाला, दिवाळीनंतर बघू." अशा दोन दिवाळ्या गेल्या.

मग खरिपात कपाशीवर फवारणी करताना एका शेतकऱ्याला चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या. कपडे काढून त्याचे अंग साबणाने धुतले, औषधाचा डबा बरोबर घेतला आणि त्याला जीपमध्ये घालून आम्ही अंबडला निघालो. रानातून हमरस्त्याकडे येताना ओढ्याच्या उतारावर ब्रेक दाबला, चाक दगडावर आदळले आणि पुढून खर्रर्र आवाज आला. टायरचा तुकडा निसटून इंजिन पुढे सरकले होते. पंख्याने रेडिएटर फाडला होता.

नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन बसलेली ती बाई म्हणाली, "भाऊ, गाडी का थांबवली?" मला उत्तर देता आले नाही. फोन करून गावातला टेम्पो मागवला. तो यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी किती वेळा त्याची नाडी पाहिली, याची मोजदाद नाही.

माणूस वाचला. आज तो पुन्हा रानात जातो, मला रामराम घालतो. मला मात्र तो ओढा ओलांडताना त्या माउलीचा प्रश्न ऐकू येतो.

नंतर चाचांबरोबर मी स्वतः हात काळे केले. ते काम कसे करायचे, तेही सांगतो. गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगडाची उटी द्या, बॅटरीची वायर काढा. आधी तेलाची गळती बंद करा, नाहीतर नवे रबरही तेच तेल पिऊन फुगेल. तेलाच्या टाकीला थेट जॅक लावू नका, पत्रा दबतो. मध्ये जाड फळी ठेवा. वजन रबरावरून सुटेल एवढेच इंजिन उचला आणि पंखा व पाण्याचे पाइप ताणत नाहीत ना, ते पाहत राहा. एका वेळी एकच बाजू सोडा. रबरे मात्र दोन्ही बाजूंची बदला. गिअरबॉक्सखालचे रबरही तपासा. सारे बोल्ट आधी हाताने लावा, इंजिन पुरते बसवा आणि मगच आवळा. थोडे दिवस गाडी चालवून पुन्हा एकदा आवळून घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.

तुमच्यापैकी पुष्कळांकडे जीप नसेल, ट्रॅक्टर असेल. बहुतेक ट्रॅक्टरला असे रबर नसते. तिथे इंजिन हेच सांगाड्याचा भाग असते आणि ते गिअरबॉक्सला बोल्टाने जखडलेले असते. म्हणून तिथे ढिले बोल्ट पाहावेत. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचेही पायाचे बोल्ट महिन्यातून एकदा तपासावेत.

येत्या रविवारी तासभर काढा आणि आपल्या यंत्राजवळ बसा. ते चालू करून कान द्या, थरथरते कुठे ते पाहा. मिस्त्रीने काही सांगितले तर दिवाळीचा वायदा करू नका. तुमच्या गाडीची गरज कोणत्या घरी, कोणत्या रात्री लागेल, हे आधी कोणालाच कळत नाही.