तीन नंबरची जर्सी



तीन नंबरची जर्सी घालणाऱ्या फुटबॉलपटू पाओलो माल्दिनीची सगळी व्यावसायिक कारकीर्द एसी मिलान या एकाच क्लबात गेली. वडील चेझारे याच संघाचे कर्णधार. १९६३ चा युरोपियन कप वेम्ब्लीवर त्यांच्याच हाती आला होता. मुलगा २० जानेवारी १९८५ रोजी, सोळाव्या वर्षी, उदिनेझेविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला, तेव्हा वशिल्याचा म्हणून नावं ठेवायला जागा होती. ती त्याने फार दिवस राहू दिली नाही.

मूळचा तो उजव्या पायाचा, पण खेळला बहुतेक डाव्या बगलेवर. प्रशिक्षक आरिगो साक्कीने मिलानमध्ये माणूस पकडण्याऐवजी जागा राखण्याची पद्धत रुजवली. तास्सोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि माल्दिनी ही चौघांची रांग एकदम पुढे सरके आणि समोरचा आघाडीपटू ऑफसाइड सापडे. घसरून केलेलं टॅकल प्रेक्षकांना आवडतं. माल्दिनीचं कसब मात्र ती वेळच येऊ न देण्यात होतं.

त्याचा सर्वांत मोठा सामना कोणता? युरोपियन कपची इस्तंबूलमधली २००५ ची अंतिम लढत बहुतेकांना आठवते. त्यात पहिल्याच मिनिटात त्याने गोल केला, मध्यंतराला मिलान ३-० ने पुढे होता आणि तरी लिव्हरपूल पेनल्टीवर जिंकला. पण खरी परीक्षा झाली ती अथेन्सला, १९९४ च्या अंतिम सामन्यात. बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही निलंबित. समोर क्रॉइफच्या बार्सिलोनाचे रोमारियो आणि स्तोइच्कोव. माल्दिनी फिलिप्पो गाल्लीच्या जोडीला मध्यभागी आला आणि मिलानने ४-० असा फडशा पाडला.

इटलीच्या निळ्या जर्सीत नशीब रुसलेलंच राहिलं. १९९० च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक, १९९४ च्या विश्वचषकात अंतिम सामन्यात ब्राझीलकडून पेनल्टीवर हार, २००० च्या युरोमध्ये फ्रान्सचा आणि २००२ च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाचा गोल्डन गोल. १२६ सामने खेळूनही मोठा चषक एकही नाही. क्लबासाठी मात्र ९०२ सामने, सात लीग विजेतेपदं, पाच युरोपियन कप. त्यांतला २००३ चा कप त्याने कर्णधार म्हणून उचलला, तोही वडिलांनंतर चाळीस वर्षांनी आणि पुन्हा इंग्लंडातच.

मे २००९ मध्ये, चाळिशीत, तो निवृत्त झाला. अथेन्सच्या सामन्याचं चित्रण मिळवून जरूर बघ. चेंडू कुठेही असो, नजर माल्दिनीवर ठेव.

तुझा,
काका