पौषातील थंडी आणि आमचा लॅपटॉप

आमच्या घरी लॅपटॉप एकच आहे. बारावीच्या परीक्षेत उत्तम गुण मिळविल्याबद्दल मध्य प्रदेश शासनाकडून ताईस 25,000 रुपये मिळाले. त्यांत बाबांनी संत्र्यांच्या विक्रीतील थोडी रक्कम घातली आणि तो आला. असे साह्य आयुष्यात एकदाच मिळते, आणि संत्र्याचा बहार दर वर्षी साथ देतोच असे नाही. म्हणून ह्या यंत्राच्या प्रकृतीची काळजी घरातील सर्वांसच असते.

आमचे गाव सौसर तालुक्यात, ताईचे महाविद्यालय पांढुर्ण्यास. 2023 साली हे दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु त्यामुळे वाटेवरची थंडी काही कमी झाली नाही! पौषात पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, आणि काकांच्या मोटारसायकलीवर पाठीला लॅपटॉपची पिशवी अडकवून ताई निघते, तेव्हा वारा हाडांत शिरतो.

द्रास किंवा लेह येथील थंडीपुढे आमची थंडी म्हणजे पोरखेळ, हे मला मान्य आहे. तरीही ॲपलसारखी कंपनी आपला लॅपटॉप 10 ते 35 अंश तापमानातच वापरावा असे सांगते. गंमत अशी, की बंद ठेवलेल्या त्याच यंत्रास उणे 25 अंशांपर्यंतची थंडी चालते. निजलेल्यास जे सोसते ते जागत्यास सोसत नाही. म्हणून ताई निघण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद करते. नुसते झाकण मिटून ती समाधान मानीत नाही.

थंडीने प्रथम आखडते ती बॅटरी. तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावतात आणि भरलेली बॅटरीही लवकर संपल्यासारखी दिसते. ऊब मिळताच ती पूर्ववत होते. ज्या लिथियम-आयन बॅटरीसाठी 2019 साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले, तिचा एक हट्ट मात्र पाळावाच लागतो. शून्य अंशाच्या खाली ती चार्ज केली, तर लिथियमचा धातुरूप थर आत साचतो, आणि ती हानी भरून येत नाही. आमच्याकडे इतकी थंडी क्वचितच पडते. तथापि गार पडलेले यंत्र थोडे निवल्यावाचून, म्हणजे खोलीच्या उबेस आल्यावाचून, ताई चार्जर लावीत नाही.

परंतु माझ्या मते खरा शत्रू थंडी नसून पाणी आहे. थंडीतून स्वयंपाकघरात शिरताच बाबांच्या चष्म्यावर वाफ धरते, ती सर्वांनी पाहिली आहे. चुलीवर भात रटरटत असतो, हवा दमट असते, आणि गार काचेस स्पर्श होताच तिच्यातील बाष्पाचे थेंब होतात. असेच थेंब लॅपटॉपच्या पोटातही धरू शकतात. चष्मा धोतराच्या सोग्याने पुसता येतो. लॅपटॉपच्या पोटात कोणाचा सोगा पोहोचणार? त्या ओलीत वीज खेळू लागली की सर्किटचा घात होतो.

ह्यावर उपाय अगदी साधा आहे. घरी आल्यावर पिशवी न उघडता, चुलीपासून दूर, माजघरात तासभर ठेवावी. थेंब धरलेच तर ते पिशवीवर धरतात आणि आतील यंत्र सावकाश ऊबदार होते.

आजीस हे प्रथम पटले नाही. तिने लॅपटॉप शेगडीजवळ ठेवण्याचा आग्रह धरला; तो ताईने नम्रपणे नाकारला, कारण एका अंगाने बसणारी आच बॅटरीस थंडीहूनही घातक असते. मग आजीने आपली जुनी गोधडी पुढे केली. ती मात्र ताईने आनंदाने घेतली. गोधडी ऊब निर्माण करीत नाही, पण तापमानाचा बदल सावकाश घडविते, आणि येथे नेमके तेच हवे असते. चालू लॅपटॉपवर मात्र ती कदापि घालू नये. त्याच्या पंख्याचा श्वास कोंडतो.

आता संध्याकाळी ताई परतली की गोधडीतील ती पिशवी माजघरातील फडताळात विसावते. तासाभराने आजी जपमाळ थांबवून विचारते, “झाली का गं त्याची झोप?”